नेपाळमध्ये आरोग्य आणि मुलांच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर

परदेशात जाऊन आरोग्याच्या किंवा मुलांच्या कामाला काही आठवडे द्यावेत असं मनात असेल, तर पहिला देश म्हणून मी नेपाळ सुचवेन. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरी आहे, हिंदी पुष्कळांना समजते आणि खर्च आवाक्यात राहतो. पण हीच सोय घात करते. तिकीट काढलं की काम झालं असं वाटून लोक काठमांडूला उतरतात, ठमेल भागातल्या एखाद्या एजंटाला पैसे मोजतात आणि दोन आठवडे कुठल्यातरी बालगृहात मुलांना गाणी शिकवून परत येतात. फोटो छान येतात. मुलांच्या पदरात काय पडतं, ते खाली आहे.

माझी कसोटी एकच आहे. ज्या कामाला तुमच्याआधी तिथं कुणी स्थानिक माणूस होतं आणि तुम्ही गेल्यावरही राहणार आहे, तेच काम घ्यायचं आणि त्या माणसाच्या हाताखाली करायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

बालगृह यादीतून आधीच काढा

जगभरात अनाथालयांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी साधारण चार मुलांचे आईवडील, निदान त्यांतलं एक तरी, हयात असतात. नेपाळही याला अपवाद नाही. तिथल्या १९९६ ते २००६च्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी मुलं उचलली. आईबापांना सांगितलं, काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो. घरच्यांनी शेत विकून, कर्ज काढून पैसे दिले आणि मूल 'अनाथ' म्हणून पाहुण्यांसमोर उभं राहिलं. नेपाळमधली बहुतांश बालगृहं कुठं आहेत बघा: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा असलेला कास्की जिल्हा आणि चितवन. म्हणजे गरिबी जिथं जास्त तिथं नाही, पर्यटक जिथं जास्त तिथं.

२५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने मुलांना परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली, ती याच भीतीने. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ साली आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली आणि डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवेचे धोके मांडले.

"पण मी जातोय ते बालगृह खरंच चांगलं आहे." असेलही. तरी विचार करा, सहा वर्षांच्या पोरीला दर तीन आठवड्यांनी एक नवी ताई मिळते, तिला लळा लागतो आणि ताई निघून जाते. वर्षानुवर्षं हे चाललं की मूल एकतर कुणाच्याही गळ्यात पडतं किंवा कुणाजवळच जात नाही. आपल्या गावातल्या वसतिगृहात कुठलाही अनोळखी माणूस येऊन मुलींच्या खोलीत बसला, तर आपण चालवून घेऊ का? तोच नियम तिथंही. मुलांसाठी काम करायचं असेल तर मूल ज्या घरात आहे ते घर टिकेल असं काम शोधा: लसीकरण, पोषण, आईचं आरोग्य, शाळेतलं पाणी आणि संडास.

मग काम कुठलं

यासाठी नेपाळची आरोग्यव्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. २०१५च्या संविधानानंतर देशात ७ प्रदेश, ७७ जिल्हे आणि ७५३ पालिका अशी रचना झाली. गावपातळीवरची स्वास्थ्य चौकी, म्हणजे आपल्या उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मधली काहीतरी, पालिकेच्या स्वास्थ्य शाखेखाली चालते. चौकीतून महिन्याच्या ठरल्या दिवशी लांबच्या वस्त्यांवर गाउँघर क्लिनिक आणि खोप क्लिनिक भरतं. खोप म्हणजे लस.

आणि या सगळ्याच्या खाली पाया म्हणून उभी आहे महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका. ही योजना १९८८ साली सुरू झाली, आपल्या आशाताईंच्या खूप आधी. देशभरात अशा पन्नास हजारांहून जास्त बाया आहेत. पगार नाही. प्रशिक्षणाचा भत्ता आणि गणवेशाचे पैसे असं किरकोळ काही मिळतं. गावात आमा समूहाची (आयांच्या गटाची) बैठक घेणं, गरोदर बाईला चौकीत तपासणीला पाठवणं, जुलाब झालेल्या पोराला जीवनजल (तिकडचं ओआरएस) आणि झिंक देणं, ही त्यांची कामं. परदेशातून येणाऱ्या हौशी माणसाने आधी हे लक्षात घ्यावं की त्या गावात स्वयंसेवक आधीपासून आहे, आणि ती तुमच्यापेक्षा कितीतरी मुरलेली आहे.

तिच्या कामाला तुमचा उपयोग कसा होईल, हे तुमच्या हातातल्या कौशल्यावर ठरतं. हिशेबनीस असाल तर संस्थेची हिशेबाची वही आणि अहवाल. संगणकाची माणसं औषधसाठ्याची एक्सेल शीट बसवून ती चालवायला चौकीतल्या माणसाला शिकवू शकतात. स्थापत्य अभियंता शाळेची पाणीयोजना बघेल. चित्रं काढता येत असतील तर आमा समूहासाठी तक्ते. फिजिओथेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांना तर फार मागणी असते, पण तिथंही थेट उपचार करण्यापेक्षा तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवणं जास्त टिकतं. काहीच विशेष येत नसेल तर? तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण मग महिना-दोन महिन्यांची तयारी हवी आणि गेल्यावर पडेल ते काम करायची मनाची तयारी: रजिस्टरं उतरवणं, खोकी वाहणं, रांग लावणं.

डॉक्टर आणि नर्स मंडळींसाठी वेगळा परिच्छेद हवा. भारतातली नोंदणी नेपाळमध्ये चालत नाही. रुग्ण तपासायचा असेल तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी काढावी लागते, नर्सला नर्सिंग कौन्सिलची, आणि ती यजमान संस्थेमार्फत, वेळेत. "शिबिरात कोण विचारतंय" असं कुणी म्हणालं तर त्या संस्थेला तिथंच नमस्कार करा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी टाके घालायला किंवा इंजेक्शन द्यायला मिळतील या आशेने जाऊ नये. जे नागपूरच्या किंवा मिरजेच्या वॉर्डात तुम्हाला एकट्याने करायची परवानगी नाही, ते नेपाळच्या गरीब बाईवर करायचीही नाही. शिकायचंच असेल तर धुलिखेल हॉस्पिटल किंवा पाटणचं आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान यांच्याकडे रीतसर इलेक्टिव्हसाठी, म्हणजे विद्यार्थी म्हणून काही आठवडे तिथं शिकण्यासाठी, अर्ज करा. मोतीबिंदूच्या कामात रस असेल तर डॉ. सन्दुक रुइत यांनी उभी केलेली काठमांडूची तिलगंगा नेत्रसंस्था (१९९४) बघण्यासारखी आहे. कमी खर्चातली भिंगं तिथंच बनतात आणि डोंगराळ भागातली शिबिरं किती शिस्तीत चालतात ते कळतं.

लांब मुदतीचं, मानधन असलेलं काम हवं असेल तर संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे. त्यात वयाप्रमाणे गट आहेत (तरुणांसाठी १८ ते २६, विशेषज्ञांसाठी २७च्या पुढे), दरमहा निर्वाहभत्ता मिळतो आणि अर्जाला एक रुपयाही लागत नाही. त्यांच्या नावाने कुणी 'प्रोसेसिंग फी' मागितली तर ती फसवणूक समजा.

आधी आपल्याकडे करून बघा

परदेशी जाण्याआधी निदान दहा दिवस आपल्या राज्यात हे काम करा. पुण्याची मैत्री संस्था पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम चालवते. शहरातले स्वयंसेवक पाळीपाळीने कोरकू गावांत राहतात, घरोघर जाऊन लहान मुलांची आणि गरोदर बायांची चौकशी करतात. चिखल, वीज नाही, भाषा अर्धवट समजते, दिवसभर चालणं. हे झेपलं आणि आवडलं, तर नेपाळ झेपेल. नाही आवडलं तर विमानाचे पैसे वाचले, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

गावातली कमी शिकलेली बाई आरोग्यसेवक म्हणून काय करू शकते, हे समजून घ्यायला जामखेडपेक्षा चांगली जागा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं आणि आज इतर देशांतली माणसं तिथं शिकायला येतात. आपण मात्र शिकायला बाहेर जातो, असो.

संस्था तपासणं

इथं घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

नेपाळमधली बिगरसरकारी संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदलेली असते आणि परदेशी पैसा घेत असेल तर समाज कल्याण परिषदेशी संलग्न असावी लागते. दोन्ही नोंदणी क्रमांक ईमेलवर मागा. खरी संस्था दोन दिवसांत कागद पाठवते. मग ती संस्था ज्या पालिकेत काम करते, त्या पालिकेच्या स्वास्थ्य शाखेला तिचं काम माहीत आहे का, ते विचारा. माहीत नसेल तर संस्था सरकारी व्यवस्थेला वळसा घालून काहीतरी समांतर चालवते आहे. असं काम संस्थेबरोबर संपतं.

मग ईमेलमध्ये हे प्रश्न टाका, अगदी याच शब्दांत टाकले तरी चालतील:

"मी येण्याआधी हे काम कोण करत होतं? मी गेल्यावर कोण करेल?"
"माझा तिथला वरिष्ठ कोण, आणि त्यांना मी यायला हवा आहे का?"
"तुमचं बालसंरक्षण धोरण पाठवाल का? माझी पार्श्वभूमी तुम्ही कशी तपासणार?"
"मी देतो त्या पैशातले राहण्या-जेवणाला किती, कार्यालयाला किती, गावाला किती?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. जी संस्था तुमची काहीच चौकशी न करता तुम्हाला मुलांजवळ जाऊ देते, ती दुसऱ्या कुणालाही जाऊ देते. उलट तुमच्याकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला, दोन जणांचे संदर्भ मागितले, फोनवर मुलाखत घेतली, तर वैतागू नका. ही चांगली खूण आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून दाखल्यासाठी अर्ज करता येतो, ठाण्यात एक खेप घालावी लागते.

आधी जाऊन आलेल्या स्वयंसेवकांशी बोला, पण संस्थेने सुचवलेल्या एकाच नावावर थांबू नका. आणि एक प्रश्न हमखास विचारा: "एखादा दिवस असा होता का, की तुमच्याकडे काहीच काम नव्हतं?" 'रोज' असं उत्तर आलं तर समजून जा.

पैसे घेणारी प्रत्येक संस्था लबाड असते असं नाही. तुमच्या जेवणाचा, खोलीचा, दुभाष्याचा खर्च गावाने का करावा? पण आकडा फुगलेला असेल आणि हिशेब मिळत नसेल, तर नाही म्हणायला शिका.

कागदपत्रं

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्डावर विमानात बसता येत नाही. दरवर्षी कुणीतरी मुंबई विमानतळावरून परत येतं. कामासाठी जाताय तर पासपोर्टच न्या. रस्त्याने जायचं तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची सीमा, पलीकडे भैरहवा. लुंबिनी परिसरात काम असेल तर हाच मार्ग सोयीचा.

व्हिसा लागत नाही याचा अर्थ परवानगी लागत नाही असा नाही. तुम्ही कोण, किती दिवस, कुठलं काम करणार, कुणाच्या देखरेखीखाली, असं पत्र यजमान संस्थेकडून आणि शक्य तर पालिकेकडून घ्या आणि त्याची प्रत कायम जवळ ठेवा. अमेरिका, ब्रिटनमध्ये वाढलेल्या मराठी मुलांसाठी खास सूचना: परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डाचा) इथं उपयोग नाही, व्हिसा लागतो, आणि पर्यटक व्हिसावर स्वयंसेवेचं काम करायला नेपाळच्या कायद्याने मनाई आहे. कॉलेजच्या अर्जात एक ओळ यावी म्हणून पंधरा दिवस जाणार असाल, तर त्यापेक्षा ट्रेकला जा. ते जास्त प्रामाणिक आहे.

केव्हा जायचं, बरोबर काय न्यायचं

नेपाळी महिने सौर आहेत, वैशाख एप्रिलच्या मध्याला सुरू होतो. असार ते भदौ, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पाऊस आणि दरडी. डोंगरातले रस्ते बंद पडतात. दसैं (दसरा) आणि तिहारच्या (दिवाळीच्या) दिवसांत कचेऱ्या ओस असतात. आठवड्याची हक्काची सुट्टी शनिवारी.

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून हिपॅटायटिस ए आणि बी, टायफॉइड, धनुर्वात यांच्या लसींचं बघा. तराईत, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सखल पट्ट्यात, पावसाळ्यात राहणार असाल तर जपानी मेंदूज्वर, आणि गावोगाव फिरायचं असेल तर रेबीजची आगाऊ लस यांबद्दलही विचारा. विमा घेताना डोंगरातून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च त्यात धरलाय का ते वाचा.

भारतीय १ रुपया म्हणजे नेपाळी १.६० रुपये, हा दर १९९३पासून स्थिर आहे. मोठ्या भारतीय नोटांचे नियम बदलत असतात, त्यामुळे शंभराच्या नोटा बऱ्या. २०२४पासून फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) या नेपाळी कंपनीच्या क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, पण गावात रोखच.

औषधांची पिशवी भरून नेऊ नका. उरलेल्या गोळ्या, डॉक्टरांकडची सॅम्पलं, तीन महिन्यांत मुदत संपणारी सिरपं हे सगळं चौकीला ओझं होतं. पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. चौकीला काय हवंय ते विचारून काठमांडूत विकत घ्या. खेळणी, चॉकलेटं वाटणं तर नकोच. दुसऱ्या दिवसापासून पोरं तुमच्या हाताकडे बघायला लागतात.

तिथं गेल्यावर

पहिला आठवडा फक्त बघा. चौकीत खुर्ची दिली तरी कोपऱ्यात बसा. थोरांशी बोलताना 'तपाईं', हाक मारताना दाइ, दिदी, वयस्क बाईला आमा. डोंगरात नेपाळी, तराईत मैथिली, भोजपुरी, अवधी किंवा थारू. थोडे शब्द पाठ करून जा: ज्वरो म्हणजे ताप, झाडापखाला म्हणजे जुलाब, सुत्केरी म्हणजे बाळंतीण. हिंदीवर निभावतं, पण हिंदीत हुकूम सोडल्यासारखं बोलू नका. २०१५च्या भारत-नेपाळ सीमेवरच्या नाकेबंदीत इंधनाबरोबर औषधंही अडली होती, ते तिथं कुणी विसरलेलं नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला डाळभात, दुपारी थोडा खाजा (हलकं खाणं), रात्री पुन्हा डाळभात. उष्ट्याचे नियम आपल्या आजीच्या घरासारखेच कडक. सुदूर पश्चिमेला मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाळीत बाईला गोठ्यात बसवण्याची छाउपडी प्रथा २०१८पासून शिक्षेस पात्र गुन्हा आहे, तरी एखाद्या घरात तुम्हालाही स्वयंपाकघरात येऊ नका म्हणतील. यजमान दिदीशी आधीच बोलून घ्या. पहिल्याच दिवशी भाषण देऊन प्रथा सुटत नाही.

कार्तिकात किंवा वैशाखात गेलात तर 'भिटामिन ए'चा दिवस जरूर बघा. वर्षातून दोनदा सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ही मात्रा मिळते. अंगणात चटई, पुढ्यात कॅप्सूलची डबी, रजिस्टर आणि कात्री. आई मूल मांडीवर घेऊन बसते, स्वयंसेविका कॅप्सूलचं टोक कात्रीने उडवते, गाल हलकेच दाबून तेल जिभेवर पिळते आणि पोर थुंकणार नाही ना, तेवढा वेळ थांबते. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्रा अर्धी. वर्षावरच्यांना जंताची गोळी. तुमचं काम? नाव शोधणं आणि खूण करणं. कात्री तिच्याच हातात राहू द्या.

खूण करतानाच पहिली अडचण येते: तारखा विक्रम संवतात असतात. त्या इसवी सनात बदलत बसू नका, हमखास चुकतं. समजा मुलाचा जन्म फागुन (फाल्गुन) २०८१, आज मंसिर (मार्गशीर्ष) २०८२, म्हणजे नऊ महिने पुरे झाले, गोवर-रुबेलाचा पहिला डोस आला. दुसरा तिथं १५व्या महिन्यात, आपल्याकडे १६ ते २४ महिन्यांत. इकडची सवय तिकडे लावू नका.

दंडाचा घेर मोजायची फीत कुणाच्याही हातात देतात, म्हणून तेही शिकून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, फीत ना आवळलेली ना ढिली. ११५ मिलिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ मध्यम. आकडा कमी आला तर आईच्या तोंडावर चेहरा पाडू नका, आणि सल्लाही देऊ नका. स्वयंसेविकेला दाखवा; पुढचं ती आणि चौकी बघेल.

मुलांबाबतचे नियम कागदावर लिहून सही करून द्या: मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, मोठं कुणी बरोबर नसताना बाहेर न्यायचं नाही, स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, आईवडिलांच्या परवानगीशिवाय फोटो नाही आणि परवानगी असली तरी आजाराचा, उघड्या अंगाचा, नाव-गाव कळेल असा नाही. काही खटकलं तर आधी संस्थेच्या बालसंरक्षण जबाबदार व्यक्तीला सांगा. तीच खटकत असेल तर बालहेल्पलाइन १०९८. क्रमांक आपल्याकडचाच आहे. हरवलेल्या मुलांसाठी १०४, रुग्णवाहिकेला १०२, पोलिसांना १००.

निघताना आणि परतल्यावर

शेवटचे तीन दिवस नवं काही सुरू करू नका. तुम्ही केलेली शीट, तक्ते, याद्या चौकीच्या संगणकावर आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. पासवर्ड लिहून द्या. तिथल्या माणसाने तुमच्यादेखत एकदा स्वतः सगळं चालवून बघू दे. त्याला जे जमत नाही ते सोपं करा किंवा काढून टाका. गावातल्या मुलांना "पुढच्या वर्षी येतो" म्हणू नका, येणार नसाल तर.

घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर नुसती पॅरासिटामॉल घेऊन बसू नका. डॉक्टरांना तुम्ही नेपाळमध्ये कुठं होतात, तराईत की डोंगरात, केव्हा परतलात, हे आपणहून सांगा. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, स्क्रब टायफस यांतलं काय तपासायचं, ते त्यावरून ठरतं.